वाढत्या वयातील ब्रेसियरचे माप

ब्रेसियर (बोलीत ब्रा, जुन्या घरांत 'बॉडी' किंवा 'आतली चोळी') हे स्तनांना आधार देण्यासाठी स्त्रिया वापरतात ते अंतर्वस्त्र होय. त्याचे माप छातीखालचा घेर आणि स्तनांचा उभार या दोन गोष्टींवरून ठरते. या दोन्ही गोष्टी आयुष्यभर स्थिर राहत नाहीत. गर्भारपण, स्तनपान, रजोनिवृत्ती, वजनातील चढउतार, कण्याचा बाक आणि शस्त्रक्रिया यांमुळे त्या बदलत जातात. तरीही लग्नाच्या सुमारास ठरलेला एक आकडा पुढे तीस-चाळीस वर्षे दुकानात तसाच सांगितला जातो, असे सर्रास आढळते. साधारणतः ४५ वर्षांनंतर हे माप का बदलते, ते घरच्या घरी कसे घ्यावे आणि नागपूरसारख्या अतिउष्ण शहरात त्याचा प्रकृतीशी कसा संबंध येतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

नावे आणि पूर्वपीठिका

स्तनांवर घालावयाच्या वस्त्राला संस्कृतात कंचुकी, कूर्पासक, स्तनांशुक अशी नावे आहेत. मराठीत काचोळी आणि चोळी हे शब्द रूढ झाले. 'ब्रेसियर' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत व तेथून मराठीत आला. गंमत अशी की खुद्द फ्रेंच भाषेत या वस्त्राला तो शब्द वापरत नाहीत, तेथे त्याचे नाव 'सूतियँ-गोर्ज' असे आहे. आधुनिक ब्रेसियरच्या इतिहासात अमेरिकेतील मेरी फेल्प्स जेकब यांचे नाव घेतले जाते. दोन रेशमी हातरुमाल आणि फीत जोडून केलेल्या वस्त्रावर आधारित रचनेचे पेटंट त्यांना १९१४ साली मिळाले. ए, बी, सी, डी या अक्षरांनी कपाचे आकारमान दाखविण्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेतच सुरू झाली.

महाराष्ट्रातील जुनी खणाची चोळी या सर्वांहून वेगळी होती. तिला पुढे गाठ असे. ही गाठ रोज नव्याने मारली जाई, त्यामुळे बाळंतपणानंतर किंवा अंग भरल्यावर पडणारा थोडाफार फरक चोळी सामावून घेई. शिंप्याकडे अंगाचे माप देण्याऐवजी बहुधा एक 'मापाची चोळी' दिली जाई आणि शिवणीत दोन्ही बाजूंना जास्तीचे कापड दुमडून ठेवले जाई. या जास्तीच्या कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात. अंग वाढले की शिवण उसवून माया सोडायची. हूक आणि बटणांचे ब्लाऊज आले तरी माया टिकून राहिली. कटोरी ब्लाऊज शिवणारे कारागीर आजही ती ठेवतात. कारखान्यात तयार झालेल्या ब्रेसियरला मात्र माया नसते. तिला पाठीमागे हुकांच्या दोन किंवा तीन रांगा असतात आणि मायेचे काम त्या रांगांनाच करावे लागते. त्या कशा वापरायच्या हे फार थोड्या जणींना सांगितले गेलेले असते.

आकडा आणि अक्षर

भारतात ब्रेसियरचे माप इंचांत दिले जाते. देशात दशमान पद्धत येऊन सहा दशके उलटली तरी शिवणकामातील इंच गेलेला नाही. '३४ बी' या मापातील ३४ हा आकडा घेराच्या पट्ट्याचा असून 'बी' हे अक्षर कपाचे आहे. अक्षराला स्वतंत्र अर्थ नाही. उभारावरचे माप आणि घेर यांतील फरक ते दाखवते: सुमारे १ इंच फरक असल्यास ए, २ इंच असल्यास बी, ३ असल्यास सी, ४ असल्यास डी. म्हणजे ३२ डी आणि ४० डी यांचे कप सारखे नसतात. ४० डीचा कप बराच मोठा असतो. 'डी म्हणजे फार मोठे' हा समज त्यामुळे चुकीचा आहे. अनेक स्त्रिया केवळ अक्षराच्या संकोचापायी योग्य माप नाकारतात.

घेर एका मापाने वाढवून अक्षर एकाने कमी केल्यास कपाचे आकारमान जवळजवळ तेच राहते. ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी ही या अर्थाने एकमेकींची भावंडे होत. बाजारातील नेहमीची चूक येथेच होते. घेर ३४ आणि उभार ३८ इंच असलेल्या स्त्रीला '३८' एवढेच विचारून ३८ बी दिली जाते. कप तिला बसतो, पण पट्टा चार इंच सैल असतो. स्तनांचा भार पेलण्याचे काम मुख्यतः पट्ट्याचे असते, खांद्यांवरच्या पट्ट्यांचे नव्हे. पट्टा सैल पडला की तो पाठीवर वर सरकतो, पुढचा भाग खाली उतरतो आणि सगळे ओझे खांद्यांवर येते. खांद्यांवर पडलेले खोल वळ, मानेचे दुखणे आणि दिवसभर खांदापट्टी वर ओढत राहण्याची सवय यांचे मूळ पुष्कळदा या चार इंचांत असते. घेरात चार इंच मिळवून माप काढण्याची जुनी रीत ताण नसलेल्या कापडाच्या काळातील आहे. आजच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याला ती लागू करू नये.

वयानुसार होणारे बदल

स्तनात दूधग्रंथी, मेद आणि त्यांना धरून ठेवणारे तंतुबंध असतात. या तंतुबंधांचे वर्णन इंग्लंडमधील शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले, म्हणून त्यांना कूपरचे बंध म्हणतात. रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. ग्रंथींची जागा हळूहळू मेद घेतो, त्वचेची लवचीकता कमी होते आणि बंध सैलावतात. परिणामी स्तन खाली उतरतात. वरचा भाग रिता होतो आणि भार खालच्या भागात व बगलेकडे जातो. याच वयात पोट व पाठ भरल्यास घेर वाढतो. उलट सत्तरीनंतर वजन घटल्यास घेर पुन्हा कमी होतो. म्हणून वय वाढले की माप मोठेच होते, असे नाही.

कण्याची झीज किंवा हाडांची ठिसूळता यांमुळे पाठीला बाक आला की छातीचा पिंजरा पोटावर टेकल्यासारखा होतो. छाती आणि कंबर यांतील अंतर घटते व रुंद पट्टा बसल्यावर दुमडून पोटात रुततो. बाक आलेल्या स्त्रीचे खांदे पुढे झुकतात, त्यामुळे खांदापट्ट्या घसरतात. पाठीवर एकमेकींजवळ येणाऱ्या पट्ट्यांची ब्रेसियर अशा वेळी सोयीची ठरते. मधुमेही स्त्रियांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते आणि आखडलेला हात पाठीमागच्या हुकापर्यंत पोचत नाही. संधिवाताच्या बोटांना बारीक हूक लागत नाहीत. पुढून हूक असलेली ब्रेसियर हा यावरील सरळ उपाय आहे. ती न मिळाल्यास हूक पुढे लावून ब्रेसियर फिरवून घेण्याची घरगुती युक्तीही चालते, फक्त फिरवताना कातडी ओढली जाणार नाही इतके जपावे.

माप घेण्याची रीत

शिवणाची साधी इंची टेप, आरसा आणि शक्यतो मदतीला मुलगी, सून किंवा मैत्रीण एवढे पुरे. पॅड नसलेली पातळ ब्रेसियर घालून किंवा न घालता माप घ्यावे. ब्लाऊजवरून घेतलेले माप चुकते. प्रथम स्तनांच्या लगेच खाली टेप आडवी धरून, श्वास सोडून, घट्ट पण न रुतणारा घेर मोजावा. टेप पाठीवर खाली-वर झाली तर आकडा एक-दोन इंचांनी बदलतो, म्हणून आरशात पाहणे आवश्यक असते. आकडा विषम आल्यास त्याच्या खालचे व वरचे अशी दोन्ही मापे घालून पाहावीत.

उभाराचे माप तरुणपणी सरळ उभे राहून घेतले तरी चालते. उतरलेल्या स्तनांच्या बाबतीत तसे घेतल्यास टेप रित्या भागावरून जाते आणि फरक कमी येतो. त्यासाठी कमरेतून पुढे वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, सर्वांत भरलेल्या जागेवरून सैल हाताने माप घ्यावे. उभ्याने घेतलेले आणि वाकून घेतलेले यांचे मध्यम माप बहुधा योग्य ठरते. ज्यांना वाकल्यावर चक्कर येते त्यांनी खुर्चीत बसून पुढे झुकावे.

ही झाली सुरुवात. खरी पारख अंगावर घातल्यावरच होते, कारण प्रत्येक कंपनीची शिवण वेगळी असते. नवी ब्रेसियर हुकांच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल रांगेवर नीट बसली पाहिजे. वापराने पट्टा सैलावत जातो तेव्हा आतल्या रांगा हाताशी राहतात. जी नवी असतानाच आतल्या रांगेवर लावावी लागते, ती पहिल्या दिवसापासून सैल असते. हूक लावल्यावर पुढे झुकून प्रत्येक स्तन हाताने बगलेकडून कपात सावरून घ्यावा. ही पायरी गाळल्यास लहान कपही पुरेसा वाटतो. मग पुढील गोष्टी पाहाव्यात: पाठीवर पट्टा जमिनीला समांतर आहे ना, त्याखाली दोन बोटे जातात पण मूठ जात नाही ना, हात वर केल्यावर पट्टा जागचा हलत नाही ना, दोन कपांमधला भाग छातीला टेकतो ना. कपाच्या कडेवरून स्तन बाहेर डोकावत असल्यास कप लहान आहे. कपाच्या वरच्या भागात चुण्या पडत असल्यास कप मोठाच आहे असे नव्हे. वरचा भाग रिता झालेल्या स्तनांना उंच कपाची ब्रेसियर शोभत नाही, त्यांना त्याच मापाची पण कमी उंचीच्या कपाची लागते.

दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसतात. मोठ्या स्तनाला बसणारा कप घेऊन दुसऱ्या बाजूची खांदापट्टी आखडावी. वजन चार-पाच किलोंनी बदलल्यावर, तसेच एरवीही वर्षातून एकदा माप पुन्हा घ्यावे. साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ब्लाऊजचे माप नव्या ब्रेसियरवर द्यावे. ब्रेसियर बदलली की उभार दीड-दोन इंच वर येऊ शकतो आणि जुन्या ब्लाऊजचे टक्स भलत्याच जागी पडतात. नवी ब्रेसियर 'बसत नाही' म्हणून कपाटात टाकली जाते, तेव्हा दोष कधी कधी ब्लाऊजचा असतो.

नागपुरातील खरेदी

नागपुरात अंतर्वस्त्रांची विक्री सीताबर्डी, इतवारी, महाल, सदर, गोकुळपेठ या बाजारांत होते. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर कपड्यांच्या दुकानांसमोर हातगाड्या व पथारीवालेही असतात. पारंपरिक दुकानांत गल्ल्यापलीकडे बहुधा पुरुष विक्रेता असतो. गिऱ्हाईक हळू आवाजात आकडा सांगते, विक्रेता खोके काढतो, पुडके बांधले जाते आणि व्यवहार दोन मिनिटांत संपतो. घालून पाहण्याची सोय नसते आणि स्वच्छतेच्या कारणास्तव माल परत घेतला जात नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने हे कारण खोटे नाही. परंतु ज्या वस्त्राची पारख घातल्यावाचून होत नाही, ते न घालता विकत घेण्याचा हा प्रकार आहे. शिवाय साठा बहुतेक ३२ ते ३८ आणि बी कप असा असतो. साठीतील स्त्रीला ३६ डी किंवा ४२ सी हवी असल्यास तिला 'जवळपासचे' माप दिले जाते.

जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. विदर्भाच्या कापसावर चाललेली ही गिरणी बंद पडली आणि गांधीसागर तलावाजवळच्या तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. मॉलमधील दुकानांत स्त्री विक्रेत्या आणि कपडे बदलण्याच्या खोल्या असतात. मात्र झगझगीत काच आणि तरुण प्रतिमांची चित्रे पाहून वयस्क स्त्रिया बाहेरूनच परततात, हेही तितकेच खरे. २०११ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या झिवामेसारख्या संकेतस्थळांमुळे हवे ते अक्षर आणि आकडा घरपोच मिळू लागला. संकोच टळला, तरी माप स्वतः घेता येणे त्यामुळे अधिकच गरजेचे झाले आहे.

भारतीयांच्या शरीराची मापे आजवर परदेशी कोष्टकांवर बेतली गेली. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटाच्या सुमारे २५,००० स्त्रीपुरुषांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याचे ठरले. कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग ही ती शहरे होत. मध्य भारतातील एकही शहर त्यांत नाही आणि ज्या वयात शरीर सर्वाधिक अनपेक्षित रीतीने बदलते, ते पासष्टीपुढचे वय तर मोजणीच्या बाहेरच राहिले आहे.

उन्हाळा, घाम आणि त्वचा

नागपुरात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे नऊ दिवस, म्हणजे 'नवतपा', सर्वांत कडक मानले जातात. उतरलेला स्तन आणि छाती यांची कातडी एकमेकींना चिकटून राहिल्यास त्या घडीत घाम साचतो, घर्षण होते, कातडी लाल होऊन सोलवटते आणि तेथे बुरशीचा संसर्ग होतो. मधुमेह व स्थूलता असलेल्या स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. घामोळे समजून त्यावर पावडरीचा थर देण्याची सवय असते. घामात पावडरीचा लगदा होतो आणि घर्षण वाढते. घडी दिवसातून दोनदा धुऊन पूर्ण कोरडी करणे, स्तन छातीपासून उचलून धरणारी सुती ब्रेसियर घालणे आणि ओली झाल्यास ती बदलणे, हे उपाय पहिल्यांदा करावेत. चट्टे चार-सहा दिवसांत न गेल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ओळखीच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम बुरशी वाढवते. रात्री किंवा घरात ब्रेसियर न घातल्याने काही अपाय होत नाही. घडीत मऊ सुती रुमाल ठेवला तरी पुरते.

गैरसमज

ब्रेसियरमुळे, विशेषतः तारेच्या ब्रेसियरमुळे, स्तनांचा कर्करोग होतो हा समज १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या 'ड्रेस्ड टू किल' या पुस्तकामुळे पसरला. सिअ‍ॅटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कपाचे माप, तार, दिवसातील तास किंवा वापर सुरू केल्याचे वय यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. काळ्या रंगाच्या ब्रेसियरविषयीच्या गोष्टीही निराधार आहेत. मुलाला पाजल्याने स्तन उतरतात, हा घराघरांत सांगितला जाणारा समजही खरा नाही. केंटकी विद्यापीठातील प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांच्या अभ्यासात वय, वजन, गर्भारपणांची संख्या आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला, स्तनपानाचा दिसला नाही.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

बरीच वर्षे बसणारा कप एकाच बाजूला अचानक घट्ट किंवा सैल होऊ लागल्यास तो मापाचा प्रश्न समजू नये. गाठ, कातडीला खळी पडणे, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब तपासणी करावी. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि त्यामुळेच ती 'वयाची' म्हणून सोडून दिली जाते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे तपासणी व उपचार होतात.

स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्रण भरेपर्यंत तार नसलेली, पुढून उघडणारी मऊ सुती ब्रेसियर डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरतात. पुढे कृत्रिम स्तन बसविण्यासाठी आतून कप्पा शिवलेली ब्रेसियर लागते. कृत्रिम स्तन सिलिकॉनचा किंवा हलका, सुताचा विणलेला असतो. सिलिकॉनचा वजनाने दुसऱ्या बाजूशी जुळणारा निवडतात. उन्हाळ्यात मात्र अनेकींना सुताचाच सोसतो. तयार कप्पा न मिळाल्यास नेहमीच्या ब्रेसियरच्या आतून मऊ मलमलीचे अस्तर लावून शिवणकाम करणारी कोणतीही बाई तो करून देऊ शकते. काखेतील गाठी काढल्या असल्यास हाताला सूज येण्याचा संभव असतो. त्या बाजूची खांदापट्टी रुंद असावी आणि ती रुतू देऊ नये.

निगा

ब्रेसियरचा ताण घामाने आणि गरम पाण्याने लवकर जातो. तीन ब्रेसियर आलटून पालटून वापरल्यास प्रत्येकीला विसावा मिळतो. हूक लावून, थंड पाण्यात, हाताने धुवावे. पिळल्याने तार व कप वाकडे होतात. आतल्या रांगेवरही पट्टा सैल वाटू लागला की ती टाकून द्यावी. वाळत घालण्याची रीतही महत्त्वाची आहे. घरातल्या पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून अंतर्वस्त्रे ओल्या टॉवेलाखाली किंवा साडीच्या घडीत लपवून वाळवण्याची पद्धत अद्याप अनेक घरांत आहे. पावसाळ्यात ती तशीच दमट राहतात व दुसऱ्या दिवशी अंगावर चढतात. स्तनांखालच्या बुरशीचा औषधाने गेलेला त्रास पुन्हा पुन्हा उद्भवतो, त्याचे एक कारण हे दमट कापड असते. ब्रेसियर दोरीवर उघडी, वाऱ्यावर किंवा उन्हात पूर्ण वाळेपर्यंत ठेवावी.